बंधाऱ्याचे दरवाजे उघडले आणि मासे मेले. आमचं चुकलं कुठे?

काठावरचा | रवि, रात्री १०:१२

इतके दिवस इथे नुसता वाचनमात्र होतो. आज स्वतःच धागा काढतोय, कारण डोकं भंजाळलंय.

आमच्या नदीवर एक जुना बंधारा आहे. त्याच्या पाण्याचा वापर कधीचाच थांबलाय, पण दरवाजे बंद ते बंदच. वरच्या अंगाला दीड-दोन किलोमीटर साचलेलं हिरवं पाणी आणि खाली उघडे पडलेले खडक. आम्ही सात-आठ जणांनी तीन वर्षं अर्ज-विनंत्या केल्या आणि शेवटी दरवाजे उघडून घेतले. नदी वाहती झाली की ऑक्सिजन वाढतो आणि ऑक्सिजन वाढला की मासे येतात, एवढं साधं गणित आम्ही सगळ्यांना सांगत फिरत होतो.

दरवाजे उघडल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी बंधाऱ्याच्या खाली माशांचा खच पडला होता. बोटाएवढ्या पिलांपासून हातभर लांबीच्या माशांपर्यंत सगळे. आता लोक म्हणतात, "भरलेली नदी रिकामी केलीत आणि वर मासेही मारलेत."

मला कोडं पडलंय ते वेगळंच. उघडण्याआधी आठवडाभर मी उसन्या मीटरने पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) मोजत होतो. कामावरून लवकर निघून रोज दुपारी चारच्या सुमारास. आकडे ९.८, १०.१ असे यायचे, मिलिग्रॅम प्रति लिटर. पाण्याचं तापमान २८ अंश. म्हणजे पाणी चांगलंच होतं ना? मग वाहायला लागल्यावर बिघडलं कसं?

---

मुकी मरळ | रवि, रात्री १०:४०

दरवाजे कुठले उघडले, वरचे की तळाचे? आणि किती वेळात?

---

काठावरचा | रवि, रात्री १०:४६

तळाचे. सगळे एकाच सकाळी, कारण माणसं आणि क्रेन एकाच दिवसासाठी मिळाली होती. सुरुवातीला काळं पाणी आलं, सडक्या अंड्यासारखा वास होता. आम्हाला वाटलं, घाण निघून जातेय, बरंच झालं.

---

मुकी मरळ | रवि, रात्री १०:४९

झालं मग.

---

जलजीविका | सोम, सकाळी ७:२०

मुकी मरळ यांनी दोन शब्दांत निकाल लावलाय, मी जरा पसरट लिहिते. गोड्या पाण्यातले जीव हा माझा रोजचा अभ्यास आहे.

काठावरचा, तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. २८ अंशाच्या गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त ७.८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. तुम्हाला १० मिळत होता. वरचे दोन हवेने दिलेले नाहीत, ते शेवाळाने दिलेत. हिरवं पाणी म्हणजे सूक्ष्म शेवाळाचं सूप. दिवसभर प्रकाशसंश्लेषण करून ते पाण्यात ऑक्सिजन कोंबत राहतं, आणि तो कमाल पातळीला पोचतो नेमका दुपारी तीन-चार वाजता. सूर्य मावळला की हेच शेवाळ, त्याच्यावर जगणारे जिवाणू, तळाचा गाळ आणि मासे सगळे मिळून तो ऑक्सिजन संपवायला बसतात. नीचांक येतो पहाटे, सूर्योदयाच्या जरा आधी. दुपारी १० दाखवणारा डोह पहाटे २ दाखवू शकतो. मासा सरासरीवर जगत नाही, त्याला पहाटेचा तो एक तास काढावा लागतो.

दुसरी गोष्ट, तुम्ही मीटर बुडवला किती खोल? काठावर उभं राहून हातभर बुडवला असेल तर तुम्ही वरचा थर मोजलात. उन्हाने तापलेलं वरचं पाणी हलकं असतं, खालचं थंड पाणी जड. वारा-प्रवाह नसला की दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. खालच्या थरात वरून मेलेलं शेवाळ आणि पालापाचोळा पडत राहतो, तो कुजतो, ऑक्सिजन संपतो आणि परत भरत नाही. पुढे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तोच तुमचा सडक्या अंड्यांचा वास. तळाचे दरवाजे उघडून तुम्ही तोच थर सगळ्यात आधी खाली सोडलात, आणि त्याच्याबरोबर वर्षानुवर्षांचा गाळ.

---

शेंडेफळ | सोम, सकाळी ८:०५

वाचतोय. चांगला धागा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

आकडेमोड | सोम, दुपारी १:३०

जलजीविकाताईंशी सहमत. पण धागाकर्त्याचं "वाहतं झालं की ऑक्सिजन वाढतो" हे गणित मोडीत काढू नका. ते बरोबर आहे, फक्त का बरोबर आहे ते पाहू.

स्थिर पाण्यात ऑक्सिजनचा रेणू नुसत्या विसरणाने (म्हणजे आपोआप पसरत) खाली जायचा म्हटला तर हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट मंद जातो. म्हणजे शांत डोहात वरून खाली ऑक्सिजन पोचतच नाही म्हणा ना. पाणी ढवळलं गेलं पाहिजे. नदीत हे ढवळणं प्रवाह आणि खडबडीत तळ मिळून करतात.

१९५८ साली ओ'कॉनर आणि डॉबिन्स यांनी याचं एक सुटसुटीत सूत्र दिलं: पाण्यात हवेतून ऑक्सिजन भरण्याचा दर वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि खोलीच्या दीड घाताने घटतो. आता तुमचा बंधारा घ्या. समजा साठ्यात खोली ३ मीटर आणि पाण्याचा वेग सेकंदाला १० सेंटीमीटर. दरवाजे उघडल्यावर तेवढंच पाणी पाऊण मीटर खोलीने, सेकंदाला ४० सेंटीमीटर वेगाने जायला लागलं. वेग चौपट, म्हणजे दर दुप्पट. खोली पावपट, म्हणजे दर आठपट. एकूण सोळापट. बघा, वरून एक थेंबही जास्त पाणी आलेलं नाही. ३ गुणिले १० आणि पाऊण गुणिले ४० दोन्ही ३०च. तेच पाणी, फक्त उथळ होऊन वेगाने वाहिलं.

लोकांच्या डोक्यात "प्रवाह" म्हणजे "खूप पाणी" असं असतं. ऑक्सिजनच्या बाबतीत खोली जास्त बोलते.

---

शंकेखोर | सोम, दुपारी ३:१५

सोळापट वगैरे ऐकायला छान. पण वरून सांडपाणी येत असेल तर? नदी वाहती केली म्हणून घाण नाहीशी होत नाही, ती फक्त पुढच्या गावाची होते.

थेम्सचं उदाहरण घ्या. १९५७ साली लंडनमधली थेम्स जैविकदृष्ट्या मृत म्हणून जाहीर झाली. आज तिच्यात शंभराहून जास्त जातींचे मासे नोंदले गेलेत. कुणी तिथे धरणाचे दरवाजे उघडले नव्हते, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं सुधारली. आणि तरीही उन्हाळी वादळात गटारं तुंबून मैला नदीत आला की ऑक्सिजन सोडणाऱ्या बोटी पाठवाव्या लागायच्या. त्यातली एक दिवसाला ३० टन ऑक्सिजन पाण्यात सोडू शकायची. तेव्हा आधी गटार बंद करा, मग प्रवाहाच्या गप्पा.

---

आकडेमोड | सोम, दुपारी ४:०२

शंकेखोर, निम्मं मान्य.

१९२५ मध्ये स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीवर काम करून जे समीकरण मांडलं ते नेमकं हेच सांगतं. सांडपाणी मिसळलं की जिवाणू ते खाताना ऑक्सिजन वापरतात आणि दुसरीकडे हवेतून तो भरला जातो. दोघांच्या शर्यतीत ऑक्सिजनचा आलेख आधी झोळीसारखा खाली वाकतो, मग हळूहळू वर येतो. प्रवाहाचा वेग वाढला की झोळीचा तळ नदीच्या खालच्या बाजूला सरकतो. तुमचं "पुढच्या गावाची होते" म्हणणं इथे खरं ठरतं. पण पाणी उथळ आणि खळाळतं असेल तर झोळीची खोलीही कमी होते. ओझं तेवढंच राहिलं तरी नदीचा दम वाढतो.

मात्र ओझंच प्रचंड असेल तर कितीही खळाळ पुरत नाही, यावर आपलं दुमत नाही. गटारातला अमोनिया नायट्रेट होताना एक ग्रॅम नायट्रोजनमागे जवळजवळ साडेचार ग्रॅम ऑक्सिजन खातो, आणि हे लोक बीओडीच्या (घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या) हिशेबात धरायला विसरतात.

---

काठावरचा | सोम, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. आमच्याकडे वरून गटार येतं, पण लहान. सोळापटीचा हिशेब आमच्या गटात पाठवला.

माझा मूळ प्रश्न मात्र तसाच आहे. बंधारा न उघडता ठेवला असता तर मासे वाचले असते का? लोकांना हेच उत्तर द्यायचंय.

---

जलजीविका | सोम, रात्री १०:५५

आज वाचले असते, पुढे कधीतरी सगळे एकदम गेले असते. ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग नदीचं मेनिंदी हे ठिकाण यासाठी वाचण्यासारखं आहे. २०१८ च्या डिसेंबरपासून २०१९ च्या जानेवारीअखेरपर्यंत तिथे तीनदा माशांची मर झाली. नदीचा प्रवाह जवळजवळ थांबलेला, बंधाऱ्यांमागे डोह साचलेले, वर निळंहिरवं शेवाळ, खाली ऑक्सिजन नसलेला थर. मासे वरच्या पातळ थरात कसेबसे जगत होते. मग अचानक हवा गार झाली, वरचं पाणी थंड होऊन खाली गेलं, दोन्ही थर मिसळले आणि वरचा थोडासा ऑक्सिजन खालच्या भुकेल्या पाण्यात एका रात्रीत संपला. कित्येक दशकं जगलेले मरे कॉड मासेही त्यात गेले. तिथे कुणीही दरवाजा उघडला नव्हता. म्हणजे तुमचा हिरवा डोह काही सुरक्षित नव्हता, एका थंड रात्रीची वाट बघत होता.

आता याची दुसरी बाजू, नाहीतर मी एकतर्फी ठरेन. त्याच खोऱ्यात, मरे नदीवर, २०१० च्या अखेरीस मोठ्या दुष्काळानंतर पूर आले. वर्षानुवर्षं कोरड्या पूरमैदानावर झाडांचा पाला साचला होता. त्यावर पाणी चढलं, पाल्यातला सेंद्रिय कार्बन विरघळून पाणी चहासारखं काळं झालं, जिवाणूंनी तो खाताना ऑक्सिजन संपवला. शेकडो किलोमीटर नदीत मासे आणि खेकडे-झिंगे गुदमरले. मेनिंदीलाच २०२३ च्या मार्चमध्ये पुराचं पाणी ओसरताना लाखो मासे मेले. प्रवाह परत आला, आणि तरीही.

दुष्काळ जितका लांबेल तितकं पहिलं पाणी जास्त जहाल. दरवर्षी थोडं पाणी मैदानावर चढत राहिलं असतं तर पाला थोडाथोडा कुजून गेला असता. तुमच्या बंधाऱ्यामागच्या गाळाचंही तेच.

---

मुकी मरळ | सोम, रात्री ११:२०

आमच्या आजोबांना मीटर ठाऊक नव्हता. ते पहाटे डोहावर जाऊन फक्त बघायचे. मासे पाण्याच्या पातळीला तोंड लावून "भुकभुक" करायला लागले की म्हणायचे, डोह बसला. वरच्या नखभर थरात हवेजवळ ऑक्सिजन जास्त असतो, मासे तो ओढतात, हे मला फार पुढे कळलं. मरळ आणि मागूर मात्र निवांत. त्यांना हवेतून श्वास घेता येतो. एखाद्या डोहात फक्त हेच दोन उरले असतील तर तिथं मासे भरपूर आहेत म्हणून खूश होऊ नये.

---

अळीमिळी | मंगळ, सकाळी ६:५०

इतके प्रतिसाद झाले आणि सगळे माशांवरच! माझ्या आवडत्या अळ्यांसाठी कुणीतरी बोललं पाहिजे.

मासा पोहून पळू शकतो. दगडाला चिकटलेल्या अळीला पळता येत नाही, म्हणून नदीचा खरा इतिहास ती सांगते. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय या तीन उडणाऱ्या किड्यांच्या अळ्या चांगला ऑक्सिजन असलेल्या वाहत्या पाण्यात राहतात. त्यांचे कल्ले नाजूक असतात, आणि कित्येक जातींना तर पाणीच कल्ल्यांवरून वाहत राहावं लागतं. ऑक्सिजन कमी पडला की स्टोनफ्लायची अळी दगडावर चक्क दंड काढते! शरीर वर-खाली करून कल्ल्यांभोवतीचं पाणी बदलून घेते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी काठावर बसून हसत होते, मग कळलं की बिचारी धापा टाकतेय.

याउलट साचलेल्या गाळात सापडतात त्या लालभडक अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे नावापुरत्या ऑक्सिजनवर त्या तग धरतात. तसेच ट्युबिफेक्स किडे: डोकं गाळात, शेपूट वर, आणि ऑक्सिजन जितका कमी तितकी शेपूट बाहेर आणि जोरात हलणारी. काठावरचा, खाली खडकांत जाऊन दगड उलटून बघा. मीटर त्या क्षणाचं सांगतो, दगडाखालचे जीव गेल्या काही महिन्यांचं सांगतात.

आणि तळाचं विसरू नका. वरून झुळझुळ वाहणाऱ्या पाण्यात ८ मिलिग्रॅम असला तरी खाली दगडगोट्यांच्या फटींत किती आहे? बऱ्याच माशांची अंडी आणि माझ्या सगळ्या अळ्या तिथे राहतात. गाळाने फटी बुजल्या की पाणी आत शिरत नाही आणि अंडी आतल्या आत गुदमरतात. प्रवाहाचं मोठं काम हेच, फटी धुऊन मोकळ्या ठेवणं.

---

शंकेखोर | मंगळ, सकाळी ९:१०

अळ्या दंड काढतात हे वाचून दिवस सत्कारणी लागला.

पण एक सांगा, कुठे प्रवाह परत आणल्यावर सगळं खरंच परतलंय का? की सगळीकडे मरच?

---

जलजीविका | मंगळ, दुपारी १२:४०

परतलंय. फ्लोरिडातली किसिमी नदी हे माझं आवडतं उदाहरण, कारण तिथे आधी बिघडवलं आणि मग तेच दुरुस्त केलं. १६६ किलोमीटरची वळणदार नदी १९६२ ते १९७१ या काळात सरळ खणून ९० किलोमीटरचा कालवा केला. जुनी वळणं साचून राहिली, तळाशी कुजका थर बसला, ऑक्सिजन कायमचा खाली. १९९९ पासून कालव्याचा मधला भाग बुजवून पाणी परत वळणांत सोडलं, काम २०२१ मध्ये संपलं. जुन्या पात्रात ऑक्सिजन साधारण दुप्पट झाला. तळावरचा सेंद्रिय थर ७१ टक्क्यांनी घटून खालची वाळू उघडी पडली. बास आणि सनफिश या माशांचं प्रमाण ३८ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेलं. मला यातला वाळूचा आकडा सगळ्यात मोलाचा वाटतो. अळीमिळी म्हणतायत त्या फटी तिथे परत आल्या.

दुसरं क्लॅमथ नदीचं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. चार धरणं पाडली, २०२४ मध्ये काम पुरं झालं. जानेवारीत जलाशय रिकामे करताना गाळामुळे खाली ऑक्सिजन काही काळ अगदी तळाला गेला, तुमच्यासारखंच. त्यात फेब्रुवारीअखेर सोडलेली सामन माशांची सुमारे ८ लाख ३० हजार पिलं धरणाच्या बोगद्यातून जाताना मोठ्या संख्येने मेली. गंमत बघा, ऑक्सिजन कमी पडून नव्हे, तर पाण्यात वायू जास्त दाबाने विरघळल्यामुळे. रक्तात बुडबुडे होतात, पाणबुड्यांना होतो तसला आजार. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चिनूक सामन धरणांच्या जागा ओलांडून ऑरेगनमध्ये पोचले, १९१२ नंतर पहिल्यांदा. तिथे हिवाळ्याची वेळ मुद्दाम निवडली होती. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, १० अंशाला ११.३ आणि ३० अंशाला फक्त ७.६, आणि जिवाणूंची भूकही थंडीत मंदावते. काठावरचा, तुम्ही कुठल्या महिन्यात उघडलेत?

---

काठावरचा | मंगळ, दुपारी १:०५

ऐन उन्हाळ्यात. परवानगी तेव्हाच मिळाली.

---

आकडेमोड | मंगळ, दुपारी १:२०

दरवाजे उघडल्यावर विसर्ग स्थिर राहणार आहे ना, की कुणी पुन्हा बंद-चालू करणार? अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरणातून वीजनिर्मितीसाठी दिवसभरात पाणी वर-खाली व्हायचं. किडे पाण्याच्या कडेला अंडी घालतात, पाणी उतरलं की अंडी वाळतात. २०१८ ते २०२० या वर्षांत मे ते ऑगस्ट दर शनिवार-रविवारी पाणी कमी पण स्थिर ठेवलं, म्हणजे त्या दोन दिवसांत घातलेली अंडी पुढे पाण्याखालीच राहतील. अळीमिळी, तुमच्या मंडळींना जगात कुठेतरी साप्ताहिक सुट्टी मिळाली होती म्हणायची.

---

अळीमिळी | मंगळ, दुपारी २:००

:) आणि ती सुट्टी त्यांनी सत्कारणी लावली.

शंकेखोर, एक पुरवणी. परतण्याचा क्रम असतो. उडणारे किडे वरच्या अंगाला जिवंत झरे-ओढे असतील तर महिन्यांत येतात, शिवाय अळ्या प्रवाहाबरोबर वाहत येऊन नवीन दगड पकडतात. मासे रस्ता मोकळा असेल तर. शिंपले सगळ्यात शेवटी, कारण गोड्या पाण्यातल्या बहुतेक शिंपल्यांची पिलं सुरुवातीचे दिवस माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काढतात. मासा आला नाही तर शिंपला येत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी शिंपले दिसले नाहीत म्हणून हाय खाऊ नका. वरचे ओढेच मेले असतील तर मात्र ऑक्सिजन कितीही असो, येणार कोण आणि कुठून?

---

काठावरचा | शनि, सकाळी ८:४५

चार दिवस गायब होतो. आज पहाटे साडेपाचला गेलो होतो, मीटर आणि टॉर्च घेऊन. मुकी मरळ यांनी निरोपातून सांगितल्याप्रमाणे मीटर लांब काठीला बांधला.

बंधाऱ्याच्या वर अजून एक खोल डोह शिल्लक आहे, तिथं हातभर खाली ३.१. काठी तळाकडे नेली तसा आकडा पडत ०.६ वर आला. तिथून अर्धा किलोमीटर खाली, जिथे पाणी खडकांवरून उथळ वाहायला लागलंय, तिथे ६.७. पहाटेच. मी तीनदा मोजलं, कारण खरं वाटेना.

दगडही उलटले. वरच्या डोहाच्या काठाला गाळात लाल अळ्याच अळ्या. खडकांत दोन प्रकारचे चपटे किडे मिळाले, शेपटीला तीन धागे असलेले. फोटो टाकतो, अळीमिळीताई, ओळखा. दंड काढताना कुणी दिसलं नाही.

लोकांशी काल बोललो. मासे आमच्या घाईने मेले, हे कबूल केलं. वर दुसरा एक बंधारा आहे, त्याचे दरवाजे आता हिवाळ्यात उघडायचे आणि आधी वरच्या फळ्या एकेक करून काढायच्या, तळाला शेवटी हात लावायचा, असं ठरतंय. एका फळीनंतर किती दिवस थांबावं, यावर आमच्यात वाद चालू आहे.

---

आकडेमोड | शनि, सकाळी ९:१०

दिवस ठरवू नका, पहाटेचा आकडा ठरवा. बंधाऱ्याखाली पहाटेचा डीओ ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी झाला की पुढची फळी काढायची नाही.

---

अळीमिळी | शनि, सकाळी ९:३२

मेफ्लाय! तीन धागे आणि पोटाच्या बाजूंना पानांसारखे कल्ले दिसतायत. दुसऱ्या फोटोत दगडाला चिकटून वाळूच्या कणांची एक नळी आहे, ती तुम्ही पाहिली नाहीत वाटतं. त्या नळीत कॅडिसफ्लाय आहे. दगड जागच्या जागी, त्याच बाजूने परत ठेवलात ना?

---

काठावरचा | शनि, सकाळी ९:४०

नाही ठेवला. परत जातो.